सांजेच्या बारा वह्या विद्यापीठी रुजू जाहल्या ती हकीकत

श्री खंडेराय समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, वार मंगळवार, ते दिवशी मौजे जळकोट, तालुके तुळजापूर, येथून मातुश्री मथुराबाई यांनी चोवीस पेट्यांनिशी कूच करून शहरचे विद्यापीठावर स्वारी केली, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. यात पदरचे काही घातले नाही; थोडे मीठ पडले असेल, ते चवीपुरते समजावे. वाचणाराने चित्त सावध करून वाचावे, आणि गॅसवर दूध ठेवले असल्यास आधी उतरवून यावे.

तर कैलासवासी ज्ञानोबा प्रोफेसर म्हणजे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान शाखेचे मोठे मातबर सरदार. घरची जमीन भावाच्या हवाली करून त्यांनी आभाळाची मामलत पत्करली होती, आणि तीही सबंध आभाळाची नव्हे, तर आभाळात उंच चढून बसलेल्या धुळीची. पहाटे उजेड कसा चढतो आणि सांजेस कसा उतरतो, हे यंत्राने बारकाईने मोजले असता वर धूळ किती आणि किती उंचीवर आहे याचा सुगावा लागतो, ऐसे त्यांचे शास्त्र होते. त्याकरिता राहत्या घराच्या माळवदावर एक नळीचे यंत्र कायम करून बारा वर्षे रोज दोन वेळा काटा वाचला, आणि वह्यांत लिहिला, आणि मग त्या आकड्यांवरून जे निबंध केले ते दूरदूरच्या मुलखांत छापले गेले. गावात मात्र, प्रोफेसर वर चढून आभाळाची धूळ मोजतात इतकेच कळले होते, आणि जळकोटात जमिनीवरच इतकी धूळ असता वर कशास जावे, ऐसे बहुतांचे मत पडले.

चार वर्षांमागे प्रोफेसर कैलासवासी जाहले. दोघी लेकी आपापल्या घरी सुखी होत्या. मागे राहिल्या बाई आणि कागद. वह्या, आलेख, पत्रे, निबंधांचे खर्डे, परीक्षांचे जुने पेपर, परिषदांच्या पिशव्या, ऐसा वरच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग, आणि त्या ढिगावर वाळवीने हल्ला केला. बाईंनी रॉकेल शिंपडले, ट्रंका उन्हात काढल्या, औषधाची फवारणी केली, परंतु शत्रू भिंतीतून येणारा, त्याजपुढे एकटी बाई किती पुरी पडणार? दोन गठ्ठे भुसा होऊन गेले तो दिवस बाईंनी जेवण केले नाही. नवऱ्याचे आयुष्य डोळ्यांदेखत माती होते आहे, ऐसे त्यांच्या जिवाला लागले.

तों विद्यापीठाच्या दप्तरखान्याकडून खलिता पावला. त्यात हुकूम ऐसा की, प्रोफेसरांचे कागद जतन करण्याचे समितीने मंजूर केले आहे; सोबत राखी रंगाच्या चोवीस पेट्या पाठवल्या आहेत; कागद आहेत त्या स्थितीत भरून मार्गशीर्ष संपण्याच्या आत दाखल करावेत; मुदत टळल्यास जागा दुसऱ्यास जाईल. बाईंनी खलिता तीनदा वाचून घेतला. वाचणारा त्यांचा पुतण्या रणधीर, सोयाबीन आणि उसाचा बागायतदार, पिकअप गाडीचा खासा धनी, उमर चाळीस, आवाज खणखणीत. तिसऱ्यांदा वाचून जाहल्यावर त्याने अर्ज केला की, "काकू, आता पाठ झालंय मला. निघायचं कवा ते सांगा."

बाईंस आनंद बहुत जाहला, आणि आनंदाच्या पाठोपाठ मोठे भय पडले. ते का पडले, हे रणधीरास ठाऊक नव्हते, गावास ठाऊक नव्हते, लेकींसही नीट ठाऊक नव्हते. वाचणारास मात्र सांगितले पाहिजे.

गोष्ट ऐसी की, पहाटेचा काटा प्रोफेसर जातीने वाचत आणि मग पहिल्या एसटीने शहरास जात. सांजेची एसटी जळकोटास पावे तों काळोख पडलेला असे. उजेड काही एसटीसाठी थांबत नाही. मग सांजेची चौकी कोणी संभाळावी? ती बाईंनी संभाळली. चौथी पास बाई, चुलीवरचा तवा खाली उतरवून, हात पदराला पुसून, शिडीने वर चढत आणि सूर्य बुडाल्यापासून दर पाच मिनिटांनी काटा वाचून लिहीत, ऐसे नऊ वेळा. आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहीत, कारण प्रोफेसरांनी पहिल्या दिवशी बजावले होते की जे दिसेल ते लिही. बारा वर्षांच्या बारा वह्या सांजेच्या, बाईंच्या हातच्या. त्यात शेरे ऐसे की, "आभाळ आलंय, काटा हालत न्हाय." आणि "रस्त्यानं शेरडं गेली. धूळ खालची हाय, वरची न्हाय." आता विद्यापीठाच्या मोठमोठ्या विद्वानांनी या वह्या उघडल्या आणि प्रोफेसरांचे निम्मे शास्त्र एका चौथी पास बायकोने शेरडे मोजत लिहिले आहे हे पाहिले, तर प्रोफेसरांच्या इभ्रतीचे काय? निबंध खोटे ठरतील, नाव बदनाम होईल, मेल्यामागे माणसाचे हसे होईल. या भयाने बाईंची झोप उडाली.

मग त्यांनी एकटीने मसलत केली, आणि रणधीर रानात गेला असता सांजेच्या बाराही वह्या काढून ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या खाली, तळाशी दडवल्या.

कागद भरले ते बावीस पेट्यांत मावले आणि दोन पेट्या रित्या उरल्या. येथे मोहिमेस पहिले संकट प्राप्त जाहले. कारण आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, हा या मुलखाचा कायदा. शेजारणीकडून वाटीभर विरजण आले, तरी वाटी परत जाताना तीत चार शेंगा तरी पडल्या पाहिजेत. आणि येथे तर साक्षात विद्यापीठाची पेटी. रिकामी धाडली तर जळकोटची माणसे किती दरिद्री मनाची, ऐसे शहरात होईल. म्हणोन बाईंनी तेविसाव्या पेटीत कडक भाकरीच्या चवडी रचल्या, आणि चोविसाव्या पेटीत शेंगाच्या चटणीचे पुडे, भाजक्या शेंगा आणि वर थोडे तिळाचे कूट भरून दोहोंस सुतळीने करकचून बांधले. बाईंच्या हिशेबी हा सरळ शिष्टाचार होता. दप्तरखान्याच्या हिशेबी तो काय होता, ते पुढे येईल.

मंगळवारी सकाळी नारळ फोडून स्वारी निघाली. पेट्या चढवताना रणधीरास शंका आली.

"काकू, ह्या दोन पेट्या लई हलक्या लागत्यात. काय हाय ह्यात?"

"कागदच हायत. वाळलेलं."

"कागदाला लसणाचा वास येतोय, व्हय?"

"तुझ्या काकांच्या कागदाला कसला बी वास येतोय. ताडपत्री बांध."

हुकूम जाहला तो मानून रणधीराने ताडपत्री बांधली, आणि गाडी हमरस्त्यास लागली. नळदुर्गास बाईंनी हात जोडले, कारण या महिन्यांत खंडेरायाचा मुक्काम नळदुर्गी असतो. आणि पुढे अणदुरासही जोडले, कारण देव नसला तरी देवाचे घर तेथे आहे, आणि घरच्यांस दुखवून चालत नाही. अणदूर मागे पडते न पडते तों उसाच्या जोड-ट्रॉलीचे चाक निखळून ऊस रस्ताभर पसरला आणि दोहों बाजूंची वाहतूक खोळंबली. रणधीर खाली उतरला, ट्रॉलीवाल्याशी कोणत्या कारखान्याचा ऊस, टनेज काय, तोड कधी सुरू जाहली याची खबरबात घेतली, सोयरीक निघते का पाहिले, ती निघाली, आणि मग दहा जणांनी मोळ्या बाजूला ओढून पिकअपपुरती वाट काढून दिली. यात तास गेला. बाई गाडीत बसून पेट्यांवर नजर ठेवून होत्या. त्यांच्या मनात एकच की, हे पेट्यांचे बावीस डाग एकदा आत पडोत, मग वाळवी जाणो नि भिंत जाणो.

विद्यापीठाच्या वेशीवर पहारेकऱ्याने पास मागितला. पास नव्हता. रणधीराने खलिता दाखवला, तेव्हा पहारेकऱ्याने खलित्यावर गाडीचा नंबर नाही ऐसी हरकत काढली. मग आतून रामहरी या नावाचे दप्तरखान्याचे कारकून आले, गोल बांध्याचे आणि गोड बोलण्याचे, आणि त्यांनी आपल्या जबाबदारीवर स्वारी आत घेतली. पेट्या ओट्यावर ओळीने मांडल्या. इतके होईपर्यंत बाईंस वाटले की फत्ते जाहली.

तों दप्तरखान्याच्या मुख्य शिवांजली मॅडम बाहेर आल्या. उमर पस्तिशीची, तोंडास पट्टी, हातांत पांढरे मोजे, नजर ऐसी की कागदाची घडी चुकली तर कागदासच लाज वाटावी. त्यांनी ओळीने पेट्या उघडून पाहण्यास आरंभ केला. पहिली ठीक, दुसरी ठीक, ऐसे करीत तेविसावीपाशी आल्या, सुतळी कापली, झाकण काढले, आणि एक कडक भाकरी दोन बोटांत धरून उजेडाकडे करून पाहिली.

"हे काय आहे?"

रामहरींनी पुढे होऊन इतल्ला दिली की, भाकरी आहे, मॅडम, आणि शेजारच्या पेटीत चटणी असावी. हे सांगताना त्यांचा आवाज हळवा जाहला.

मॅडमनी जो हुकूम केला तो ऐसा: दप्तरखान्यात अन्नाचा कणही चालत नाही, कारण कणामागे मुंगी येते, मुंगीमागे झुरळ येते आणि झुरळामागे कागद जातो; सबब सगळ्या पेट्या आजचा दिवस ओट्यावरच राहतील, आणि तपासल्याशिवाय एकही आत येणार नाही. मग त्यांनी बाईंस विचारले की यात अन्न का भरले. बाईंनी सांगितले की पेट्या उरल्या, आणि रिकाम्या कशा धाडायच्या? हे कलम काही मॅडमच्या नियमावलीत नव्हते. परंतु लगोलग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, आणि तो तोफेसारखा येऊन पडला.

"पेट्या उरल्या कशा? सरांनी हयात असताना स्वतः यादी करून पाठवली होती. त्यात चोवीस पेट्यांचा माल आहे. सांजेच्या बारा वह्या कुठे आहेत?"

प्रोफेसरांनी यादी धाडली होती हे बाईंस नवे होते. तरी त्यांच्या तोंडातून शब्द गेला तो गेला.

"वाळवीनं खाल्ल्या."

मॅडमनी हातांतले मोजे काढले. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट जाहले. त्यांनी हळू आवाजात सांगितले की, मग मला हे कागद घेता येणार नाहीत. समितीने जागा दिली ती या जोडीच्या आकड्यांपायी. पहाट आणि सांज दोन्ही असतील तरच चाळीस वर्षांमागे आभाळ कसे होते हे आज ताडून पाहता येते, आणि तसे ताडणारे लोक वाट पाहून आहेत. नुसती पहाट घेऊन काय करू? पत्रे आणि पेपर तर कोणाही प्रोफेसराच्या घरी सापडतात. तुम्ही लांबून आलात, चहा घेऊन जा.

चहा आला. रणधीर तणतणत पेट्या मोजीत उभा राहिला. बाई बाकावर बसल्या आणि त्यांच्या मनात दोन फौजा भिडल्या. वह्या दिल्या तर नवऱ्याची अब्रू जाते. न दिल्या तर बावीस पेट्या त्याच गाडीने माघारी जातात, त्याच खोलीत, त्याच वाळवीच्या तोंडी. अब्रू मोठी की कागद मोठे? प्रोफेसरांना विचारले असते तर काय म्हणाले असते, हे बाईंस पक्के ठाऊक होते. तो माणूस सोयरिकीतल्या लग्नास अंगात बनियन उलटे घालून गेला होता. अब्रूचे त्याला कधी काही पडले नव्हते, आकडा मात्र एक इकडचा तिकडे जाहला तर तो अन्न गोड लागू देत नसे.

बाई उठल्या. चहा तसाच ठेवला.

"वाळवीनं न्हाय खाल्ल्या. कोठीत हायत, ज्वारीच्या बुडाला. म्याच दडवल्या."

"का?"

"त्या ह्यांच्या हातच्या न्हायत. हे शहरात असायचे, यंत्राजवळ मी असायची. चौथी शिकलीय म्या. वाटलं, तुमी बघचाल अन् म्हणचाल, हे कसलं शास्त्र. ह्यांना नावं ठेवचाल." आणि मग एकदा तोंड उघडलेच म्हणोन पुढचेही बोलून टाकले. "आकडे मातूर खरे हायत. एक बी मनानं घातला न्हाय. शेरडाची शपथ घेऊन सांगते, लई शेरडं हायत त्यात."

रणधीर तोंडाचा आ करून काकूकडे पाहत राहिला. इतकी वर्षे शेजारी राहून त्यास वाटत आले होते की काकू तिन्हीसांजेस वाळवण काढायला वर जाते. मॅडमनी मात्र इतकेच विचारले की, वह्या उद्या येतील का. बाई म्हणाल्या, येतील. मग मॅडमनी रामहरींस हुकूम केला की पेट्या ओट्यावरून हलवू नयेत, अन्नाच्या दोन पेट्या कचेरीच्या बाहेर न्याव्यात. आणि रामहरींनी हा हुकूम इतक्या तत्परतेने बजावला की मागे वळून पाहावे तों ते चवडींसह कँटीनच्या दिशेने नाहीसे जाहले होते.

दुसरे दिवशी, वद्य षष्ठीस, बारा वह्या रुजू जाहल्या. त्यांतून ज्वारीचे दाणे आणि निंबाचा पाला गळत होता, त्याबद्दल मॅडमनी भुवई वर केली, परंतु पाने पाहिली तों एकाही पानास कसर लागली नव्हती, म्हणोन भुवई खाली आणली. मग त्या वाचत बसल्या. बाई समोर बसल्या, आणि लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे बसावे तशी त्यांची गत जाहली. अर्धा तास गेला. एका पानावर मॅडम थांबल्या आणि "धूळ खालची हाय, वरची न्हाय" हे मोठ्याने वाचून दाखवले. बाईंनी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? खालची धूळ आली की काटा झटक्यानं पडतोय. वरची असली की रेंगाळतोय."

"हे सरांनी निबंधात तीन पानं लिहून सिद्ध केलंय," मॅडम म्हणाल्या, आणि पान उलटले.

मग त्यांनी वह्यांत कागदाचे नऊ तुकडे खुणेस घालून ठेवले होते ते काढले, आणि बाईंची जबानी सुरू केली की, बारा वर्षांत नऊ सांजा कोऱ्या आहेत, प्रत्येकीचे कारण लिहून ठेवावे लागेल. बाईंस किंचित राग आला. बारा वर्षांत नऊ खाडे, इतके तर सरकारी नोकरही देत नाहीत, आणि त्याचाही जाब? परंतु आजवर त्या सांजांबद्दल त्यांस कोणी काही विचारले नव्हते, म्हणोन रागाच्या पोटात बरेही वाटले. त्यांनी ताठ बसून जबाब दिला. भावाच्या लग्नाचे तीन. तापाचे दोन. विंचू चावला तो एक. सासूबाई गेल्या तो एक. भूकंप जाहला त्या सांजेस कोणाला माळवदावर चढू दिले नाही, तो एक. दुसऱ्या दिवशी मात्र चढले, ते मांडा. हे आठ जाहले.

"नववा, एक्क्याण्णव सालचा सतरा मार्च. रविवार."

"त्या दिवशी खाडा न्हाय," बाई म्हणाल्या. "रविवारी हे घरीच असायचे. त्यांनी भरली असंल ती ओळ."

"भरलेली नाही."

बाईंस तो रविवार चांगला याद होता. शहराहून एक विद्वान पाहुणे जेवायला आले होते. त्यांनी विचारले की, सर, सांजेची नोंद कोण घेतं. आणि प्रोफेसर भाकरी मोडता मोडता म्हणाले, घरचंच कुणीतरी घेतं. कुणीतरी. चुलीपाशी बसलेल्या बाईंनी ते ऐकले, आणि सांजेस शिडीकडे पाठ करून गहू निवडत बसल्या, कुणीतरी जाईल म्हणून. प्रोफेसर दोनदा आत येऊन उगाच पाणी पिऊन गेले. बोलणे जाहले नाही. सोमवारी राग निवला तशा बाई पुन्हा वर चढल्या, कोरी ओळ पाहिली, आणि समजल्या की यांनी आकडे कुठे कागदावर टिपले असतील, सावकाश उतरवतील. पुढे विसरल्या. पहाटेच्या वह्या यांच्या, त्या त्यांनी कधी उघडल्या नाहीत.

मॅडमनी काल पेट्या तपासताना खूण घालून ठेवलेली पहाटेची वही काढली, सोमवारचे पान उघडले, आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून वही बाईंपुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावला. अक्षर प्रोफेसरांचे, मुंगीएवढे. बाईंनी एकेक शब्द लावून वाचले.

"काल सांजेच्या निरीक्षक नाराज. मी घरी होतो, यंत्रास हात लावला नाही. ती नोंद माझी नव्हे."

बाईंनी ते दोनदा वाचले. मग डोळ्यांस पदर लावला, आणि पदराआडून हसूही आले, आणि सर्वांत शेवटी आला तो संताप, की चौतीस वर्षे वहीत लिहून ठेवण्यापेक्षा त्या दिवशी तोंडानं बोलले असते तर काय जीभ झिजली असती? रामहरींनी पाणी आणून दिले. रणधीर खिडकीबाहेर पाहत राहिला, कारण त्याचेही डोळे भरले होते आणि ते कोणास दिसू नये ऐसे त्यास वाटत होते.

मग दप्तराचे मोठे बुक निघाले आणि नोंद करण्यात आली. ती बाजिन्नस, म्हणजे शब्दशः, ऐसी: ज्ञानोबा प्रोफेसर, मौजे जळकोट, यांचे कागद, पेट्या चोवीस, दाखल. पहाटेचे निरीक्षक ज्ञानोबा. सांजेच्या निरीक्षक मथुराबाई. सांजेचे खाडे नऊ. पैकी आठांची कारणे जबानीप्रमाणे मांडली. नवव्या खाड्याचे कारण मॅडमनी "निरीक्षक नाराज" ऐसे लिहिले आणि सहीसाठी बुक पुढे केले, तेव्हा बाईंनी सही थांबवून आणखी तीन शब्द घालायचा हुकूम केला. ते घातले गेले, आणि मगच सही जाहली. सबब विद्यापीठाच्या दप्तरी तो खाडा आजमितीस ऐसा रुजू आहे की, निरीक्षक नाराज. नाराजी रास्त होती.